५६केचा मोडेम ५६ का देत नाही

जुना मोडेम, म्हणजे फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडणारं खोकं, काढून जोडला की प्रश्न ठरलेला: खोक्यावर ५६के लिहिलंय, मग फाइल सेकंदाला पाच केबीच्याच वेगाने का उतरते? याच प्रश्नापायी मी एकदा चांगला चालणारा मोडेम बिघडलाय समजून बदलला होता. नवाही तेवढाच पळाला.

आधी एकक बघा. ५६के म्हणजे सेकंदाला ५६,००० बिट. डाउनलोडची खिडकी मात्र बाइट मोजते. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून आठाने भागा, ७,००० बाइट उरतात, सुमारे सात केबी. म्हणजे पाच दिसत असेल तर निम्मं भांडण इथेच मिटलं.

आता पडद्यावरचा ‘कनेक्ट’चा आकडा. तो ११५२०० असेल तर हुरळून जाऊ नका. तो कॉम्प्युटर आणि मोडेम यांच्यातल्या केबलचा वेग आहे, फोनच्या तारेचा नव्हे. बऱ्याच मोडेमना जोडणीपूर्वी एटीडब्ल्यू२ ही आज्ञा दिली की ते तारेवरचा खरा वेग सांगतात. माझा ३८,६६७ निघाला. असले विचित्र आकडे बघून घाबरू नका, व्ही.९० मध्ये (५६के मोडेमचं ठरलेलं मानक) वेग साधारण १,३३३च्या पायऱ्यांनीच चढतो-उतरतो.

खरी अडचण तारेच्या पलीकडे आहे. फोन माणसाच्या बोलण्यासाठी बनला. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढीच खिडकी, त्यात खरखर. टेलिफोन एक्सचेंजमध्ये आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेऊन प्रत्येकाचे ८ बिट करतात, म्हणजे ६४,०००. हे आकडे करताना प्रत्येक नमुना जवळच्या पायरीवर ढकलला जातो, आणि तेवढी चूक सिग्नलमध्ये कायमची मिसळते. म्हणून आधीच्या व्ही.३४ मानकाचे मोडेम ३३,६००वर थांबले.

१९९८च्या व्ही.९० ने यातून पळवाट काढली. इंटरनेट प्रोव्हायडरचं टोक एक्सचेंजला थेट डिजिटल जोडलेलं असेल, तर तुमच्याकडे येणाऱ्या माहितीला ही काटछाट सोसावी लागत नाही. तुमच्याकडून जाणारी मात्र सोसतेच. म्हणून उतरताना (डाउनलोड) ५६ पर्यंत आणि चढवताना (अपलोड) ३३.६. (२०००च्या व्ही.९२ ने चढणीला ४८ पर्यंत नेलं, पण दोन्ही टोकांना ते हवं.) घरातले दोन साधे मोडेम एकमेकांना फोन लावत असतील तर ५६ विसरा. ऑफिसच्या खासगी एक्सचेंजमागे बसला असाल तरी बहुतेक तेच.

तुमच्या हातात काय आहे? रिसीव्हर उचला, एक आकडा दाबून डायल टोन घालवा आणि कान द्या. कुजबुज, गुणगुण ऐकू आली तर मोडेमलाही तीच ऐकू येते. समांतर जोडलेला दुसरा फोन काढा, एक्स्टेंशनची लांबलचक वायर काढा, मोडेम थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा. एवढ्यावर माझे ३८,६६७ चे ४४,००० झाले. त्यापुढे मी कितीही कमांड टाइप केल्या तरी आकडा हलला नाही.

वेग तपासायला झिप फाइलच घ्या. मोडेम स्वतः डेटा दाबून पाठवतो, त्यामुळे साधा मजकूर दुपटीने, कधी त्याहून जास्त पळतो आणि आपण उगाच खूश होतो. आधीच दाबलेल्या झिप किंवा जेपेगमध्ये त्याला दाबायला काही उरत नाही.

हिशोब असा: १ एमबी म्हणजे ८३,८८,६०८ बिट. ४४,०००ने भागलं की १९१ सेकंद. फाइल छोट्या तुकड्यांत, पॅकेटांत जाते; प्रत्येक पॅकेटच्या शीर्षकाचा भार धरून साडेतीन मिनिटं समजा. चढणीचा वेग ३१,२०० धरला तर तीच फाइल चढवायला पाच मिनिटं.

आणि चढवताना काही उतरवू नका. १,५०० बाइटचं एक पॅकेट चढायला जवळपास ०.४ सेकंद घेतं, आणि ‘मिळालं, पुढचं पाठव’ हे तुमच्या डाउनलोडचे निरोप त्याच्यामागे रांगेत ताटकळतात. मेलची जड अटॅचमेंट मी म्हणूनच झोपायच्या आधी पाठवायला लावते.