बाहेरचा प्रोग्रॅम बसवलेला आहे का, हे स्क्रिप्टमधून कसे तपासावे

तपासणी स्क्रिप्टच्या अगदी सुरुवातीला घाला. अर्धे काम उरकल्यावर प्रोग्रॅम नाही हे कळून उपयोग नसतो.

शेलमध्ये ‘कमांड -व्ही’ आणि पुढे प्रोग्रॅमचे नाव लिहा. प्रोग्रॅम सापडला तर शून्य परत येते, नाही तर दुसरा आकडा. जे छापले जाईल ते ‘/डेव्ह/नल’मध्ये, म्हणजे कचऱ्यात, सोडा आणि ‘इफ’ने निकाल बघा. पायथनमध्ये याच कामासाठी ‘शटिल.व्हिच’ आहे, 3.3 पासून.

शेलमध्ये ‘व्हिच’ वापरा, हा सल्ला अजून सर्रास दिला जातो. तो मानू नका. ‘व्हिच’ बऱ्याच ठिकाणी स्वतःच बाहेरचा प्रोग्रॅम असतो, आणि काही जुन्या सिस्टिमवर तो काहीही सापडले नाही तरी शून्यच परत करायचा. ‘कमांड -व्ही’ पॉसिक्समध्ये, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिमच्या सामायिक मानकात, आहे.

खरी गोम पुढे आहे. बडोद्यात दांडिया बाजारातल्या खोलीवर आम्ही जुन्या मराठी अंकांची पाने स्कॅन करतो आणि रात्री दोन वाजता क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणारा प्रोग्रॅम) टेसरॅक्ट (चित्रातली अक्षरे ओळखणारा प्रोग्रॅम) त्यांचा मजकूर काढतो. टेसरॅक्ट आहे हे मी टर्मिनलवर हाताने बघून घेतले होते, म्हणून स्क्रिप्टमध्ये तपासणी घातलीच नाही. सकाळी पाहतो तर पानागणिक एक फाइल तयार, आणि प्रत्येक फाइल 0 बाइट. लॉगमध्ये ओळीमागून ओळ ‘नॉट फाउंड’, निकाल 127. वर स्क्रिप्टने सगळी पाने ‘झालेली’ म्हणून दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवलेली. ती परत लावण्यात माझा अख्खा दिवस गेला.

कारण ‘पाथ’, म्हणजे प्रोग्रॅम कोणकोणत्या फोल्डरमध्ये शोधायचा त्याची यादी. टेसरॅक्ट मी सोर्सवरून बांधला होता, म्हणून तो ‘/यूएसआर/लोकल/बिन’मध्ये बसला. डेबियन लिनक्सवर क्रॉनच्या पाथमध्ये मुळात फक्त ‘/यूएसआर/बिन’ आणि ‘/बिन’ असतात. टर्मिनलला जे दिसते ते क्रॉनला दिसेलच असे नाही. म्हणून पाथ स्क्रिप्टमध्येच, तपासणीच्या वरच्या ओळीत, स्वतः लिहा. मग क्रॉनच्या भरवशावर सोडण्याआधी ‘एन्व्ह -आय’ लावून, म्हणजे कोऱ्या वातावरणात, स्क्रिप्ट एकदा चालवा. ही पायरी कृपा करून गाळू नका.

नाव सापडले तरी काम होईलच असे नाही. टेसरॅक्टला भाषा सांगितली नाही तर तो इंग्रजी धरतो आणि देवनागरीचा कचरा करतो. मराठीचा डेटा डेबियनवर वेगळ्या पॅकेजमध्ये येतो. म्हणून ‘--लिस्ट-लँग्ज’च्या यादीत ‘एमएआर’ (मराठीचा कोड) आहे का, हेही स्क्रिप्टलाच बघू द्या.

दोन-चार प्रोग्रॅम लागत असतील तर पहिला नसलेला सापडताच थांबू नका. लूप लावून जे जे नाही त्याची नावे गोळा करा, पॅकेजच्या नावांसकट एकदम एरर आउटपुटवर छापा आणि मग बाहेर पडा. एकेक बसवून पुन्हा पुन्हा स्क्रिप्ट चालवायला लावणे हा समोरच्याचा छळ आहे.