डायलिसिसचा पेशंट कॅज्युअल्टीत येतो तेव्हा

एमबीबीएस झाल्यावर पहिल्यांदा कॅज्युअल्टीची ड्युटी लागली की डायलिसिसच्या पेशंटची धास्ती वाटतेच. जाडजूड फाईल, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) नऊ-दहा, हिमोग्लोबिन आठ, आणि समोर धापा टाकणारा माणूस. मी इमर्जन्सी मेडिसिनमध्ये काम करते. नव्या मुलामुलींना माझं पहिलं सांगणं असतं की ते क्रिएटिनिन बघत बसू नका, ते वाढलेलंच असणार. शेवटचं डायलिसिस कधी झालं, पूर्ण चार तास झालं का, कोरडं वजन (अंगातलं जास्तीचं पाणी काढल्यानंतरचं) किती आणि आज किती, लघवी अजून होते का, एवढं आधी विचारा.

हे बहुतेक वेळा पेशंटपेक्षा घरचं माणूसच नीट सांगतं. "मावशी, काकांचं डायलिसिस कधी झालं?" "गुरुवारी होतं हो डॉक्टर, पण पावसात गाडीच मिळाली नाही. सोमवारी झालेलं तेवढंच." आज रविवार असेल तर निम्मं निदान इथेच झालं. आपल्याकडे पुष्कळ जणांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदाच होतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून खर्च भागला तरी सोबत येणाऱ्याची मजुरी बुडतेच. म्हणून 'डायलिसिस का चुकवलं' असं दरडावून विचारू नका. दरडावलं की पुढची खरी माहिती मिळत नाही, आणि आपल्याला ती हवी असते: शहाळं प्यायलं का, फळं किती खाल्ली, 'बीपीसाठी चांगलं' म्हणून कमी सोडियमचं मीठ कोणी सुरू केलं का. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराईड असतं.

सगळ्यात जास्त भीती पोटॅशियमचीच बाळगा. डायलिसिस चुकलं की ते रक्तात साठतं आणि हृदय बंद पाडू शकतं. पेशंट छातीत दुखतंय असं म्हणेलच असं नाही. "पायात जीवच नाही" किंवा "गळून गेल्यासारखं वाटतंय" एवढंच म्हणतो, आणि नाडी चाळिसावर असते. असा पेशंट आला की नावनोंदणीच्या आधी ईसीजी काढा. ईसीजीच्या प्रत्येक ठोक्यात पी, क्यूआरएस आणि टी अशा लहरी असतात. पोटॅशियम वाढलं की टी वेव्ह उंच आणि टोकदार होते, मग पी सपाट होत नाहीशी होते, क्यूआरएस रुंदावत जातो. रुंद क्यूआरएस दिसला तर लॅबच्या रिपोर्टची वाट बघू नका. उलट ईसीजी साधा दिसला म्हणून निर्धास्तही होऊ नका. पोटॅशियम साडेसात, म्हणजे भलतंच वाढलेलं असूनही ईसीजी जवळजवळ नॉर्मल असू शकतो. एबीजी (धमनीतलं रक्त तपासणारं) मशीन असेल तर दोन मिनिटांत आकडा मिळतो.

ईसीजी बिघडलेला असेल तर आधी १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिली, चांगल्या शिरेतून, मॉनिटरवर नजर ठेवून दोन ते पाच मिनिटांत द्या. पाच मिनिटांनी ईसीजी तसाच असेल तर पुन्हा द्या. रुंद क्यूआरएस डोळ्यांदेखत आकसताना दिसतो. पण कॅल्शियमने पोटॅशियम जराही उतरत नाही. हृदयाला संरक्षण मिळतं, तेही अर्धा ते एक तास. त्या वेळात साध्या इन्सुलिनची १० युनिट आणि २५ टक्के डेक्स्ट्रोजचे १०० मिली द्या. सोबत सालब्युटामॉलचं नेब्युलायझेशन, तेही १० मिलिग्रॅम, म्हणजे अडीचच्या चार रेस्प्यूल (औषधाच्या छोट्या कुप्या). एका रेस्प्यूलने इथे भागत नाही. इन्सुलिन शरीरातून काढून टाकायचं बरंचसं काम किडनी करते. इथे किडनीच थकलेली, म्हणून त्याचा असर लांबतो आणि तीन-चार तासांनी, सगळे निवांत झाल्यावर, साखर घसरते. सहा तास दर तासाला साखर बघा आणि हे सिस्टरच्या हँडओव्हरमध्ये लिहून ठेवा. या औषधांनी पोटॅशियम फक्त पेशींच्या आत ढकललं जातं. बाहेर काढायला डायलिसिसच लागतं, तेव्हा कॅल्शियम भरता भरताच डायलिसिस टेक्निशियनला फोन लावायला सांगा.

फुफ्फुसात पाणी झालेल्याला आडवं झोपवू नका. बसवा, ऑक्सिजन किंवा बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) लावा, बीपी चढलेलं असेल तर नायट्रोग्लिसरीन सुरू करा. ज्याला लघवीच होत नाही त्याला लॅसिक्सचे (लघवी वाढवणाऱ्या औषधाचे) डोस देत बसण्यात फक्त वेळ जातो.

फिस्टुला म्हणजे डायलिसिससाठी हातात शीर आणि धमनी जोडून केलेली जागा. त्या हाताला बीपीचा पट्टा नको, सुई नको. सिस्टर आणि वॉर्डबॉय मामांनाही हे आल्या आल्या सांगा. फिस्टुलातून रक्त वाहत आलेला पेशंट टॉवेलवर टॉवेल गुंडाळून येतो, आणि आपला हात आपोआप त्यावर आणखी पट्टी बांधायला जातो. तसं करू नका. गुंडाळलेलं सगळं सोडवा, रक्त नेमकं कुठल्या भोकातून येतंय ते बघा आणि गॉजची छोटी घडी ठेवून त्याच जागेवर दोन बोटांनी दाबा. पंधरा मिनिटं उचलून बघायचं नाही. दाब इतकाच हवा की रक्त थांबेल पण फिस्टुलातल्या रक्तप्रवाहाची थरथर हाताला लागत राहील, नाहीतर फिस्टुला गोठून बंद पडतो. रक्त थांबलं तरी वरची कातडी पातळ, चकचकीत झाली असेल किंवा खपली धरली असेल, तर सर्जनने बघितल्याशिवाय घरी पाठवू नका. फिस्टुलाचा तो फुगलेला भाग पुन्हा फुटला तर माणूस वाटेतच जाऊ शकतो.

मानेत कॅथेटर (डायलिसिसची नळी) आणि डायलिसिस चालू असताना थंडी वाजून ताप, तर आधी ब्लड कल्चर (रक्तातल्या जंतूंची तपासणी), मग लगेच अँटिबायोटिक. बीपी खालावलेलं, मानेच्या शिरा फुगलेल्या आणि फुफ्फुसं मात्र स्वच्छ, तर हृदयाभोवती पाणी साचलंय का ते इकोवर बघा. तसं असेल तर हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) देऊन डायलिसिस नको. भ्रमिष्टासारखं बोलत असेल तर औषधांची पिशवी रिकामी करायला लावा. कंबरदुखीसाठी कुणीतरी दिलेल्या बॅक्लोफेनच्या (स्नायू सैल करणाऱ्या औषधाच्या) दोन-चार गोळ्याही अशा पेशंटला बेशुद्ध करू शकतात.

रात्री डायलिसिस होत नाही अशी हॉस्पिटलं कितीतरी आहेत, आणि पेशंट पुढे पाठवावा लागतो. पाठवण्याआधी स्वतः फोन करा, मशीन रिकामं आहे का विचारा, आणि एचआयव्ही, हेपॅटायटिस बी, सी यांचे रिपोर्ट फाईलमधून काढून हातात ठेवा. हेपॅटायटिस बीच्या पेशंटला वेगळं मशीन लागतं आणि रिपोर्ट नसेल तर तिकडे तास-दीड तास सहज जातो. चिठ्ठीवर कॅल्शियम आणि इन्सुलिन किती वाजता दिलं ते लिहा, दोन्ही ईसीजी जोडा. रुग्णवाहिकेत मॉनिटर, ग्लुकोमीटर, डेक्स्ट्रोज आणि कॅल्शियमच्या आणखी दोन अँप्यूल द्या. प्रवास तासाभराचा असेल तर कॅल्शियमचा असर वाटेतच संपणार.