लेझरने गाठ तापवताना तापमानाचा नकाशा कसा वाचावा

मेंदूत खोलवर असलेल्या गाठीपर्यंत कवटीला तीन-चार मिलिमीटरचं छिद्र पाडून लेझरचा फायबर नेतात आणि पेशंट एमआरआयमध्ये असतानाच गाठ आतून तापवतात. अशा केसेसना मी एमआरआय कन्सोलवर बसते. नव्याने शिकणाऱ्या टेक्नॉलॉजिस्ट मुलामुलींसाठी हे लिहितेय.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की बसवा: यंत्र तापमान मोजत नाही, तापमानातली वाढ मोजतं. पाण्यातल्या प्रोटॉनची फ्रिक्वेन्सी दर अंशाला दशलक्षात साधारण ०.०१ भागाने घटते. त्या फरकावरून निघालेल्या वाढीत पेशंटचं मूळ तापमान मिळवून स्क्रीनवर आकडा येतो, आणि ते मूळ तापमान आपण टाइप केलेलं असतं. एका केसला मी तिथे ३७ तसंच राहू दिलं होतं. सुरू करण्याआधी भूलतज्ज्ञ मॅडमना विचारलं, तर पेशंट ३५.४ वर! भुलेखाली अंग गार पडतंच. नकाशा सगळीकडे १.६ अंश जास्त दाखवणार होता. गाठीची कड पुरेशी तापली असं वाटून आम्ही थांबलो असतो आणि तिथल्या पेशी जिवंत राहिल्या असत्या. तेव्हापासून आकडा विचारायचा, मोठ्याने परत म्हणायचा, मगच टाइप करायचा.

फायबरभोवतीच्या नळीत सलाइन वाहतंय ना, ते लेझर लावण्याआधी स्वतः बघा. थंडावा नसेल तर टोकाशी काजळी धरते, काजळी सगळा प्रकाश शोषते आणि उष्णता पुढे सरकतच नाही.

मग मर्यादा लावा. ४३ अंशांवर पेशी मारायला बराच वेळ लागतो, ६० च्या पुढे प्रथिनं जवळजवळ लगेच गोठतात, १०० ला पाण्याची वाफ होते. म्हणून नकाशावर आपण ठेवतो त्या खुणांपैकी फायबरजवळच्या खुणेला साधारण ९० ची मर्यादा, आणि जपायच्या भागाच्या कडेला ५० किंवा त्याहून कमी, सर्जन सांगतील ती. मर्यादा ओलांडली की लेझर आपोआप बंद होतो. एक खूण मात्र दूर, जिथे उष्णता पोचणारच नाही अशा जागी ठेवा. तिथला आकडा हलू लागला तर ती उष्णता नाही. पेशंट हललाय किंवा चुंबकीय क्षेत्र सरकलंय. थांबवा, बेसलाइन (तापवण्याआधीची, तुलनेसाठीची प्रतिमा) नव्याने घ्या. सर्जन घाईत असले तरी हे सांगायला कचरू नका.

आधी तीन-चार वॅटवर थोडा वेळ चाचणी, टोक नेमकं कुठे तापतंय ते कळण्यापुरती. नंतरच पॉवर वाढवायची. नकाशा दर काही सेकंदांनी बदलतो, तेवढा वेळ नजर हलवू नका. रक्त साकळलेल्या किंवा हवेचा बुडबुडा असलेल्या जागी काळा ठिपका दिसेल. तिथला आकडा धरू नका.

शेवटचा कॉन्ट्रास्ट स्कॅन (शिरेतून औषध देऊन घेतलेला) फायबर जागेवर असतानाच घ्या. जळलेल्या भागाभोवती पांढरं कडं उमटतं. गाठीचा एखादा कोपरा त्या कड्याबाहेर दिसला तर सर्जनना तेव्हाच दाखवा. फायबर एकदा निघाला की सगळं पहिल्यापासून करावं लागतं.