स्वतःचा सिनेमा करताय? कॅमेरा-लेन्स घेताना आणि वापरताना या चुका टाळा

सोलापुरात शॉर्ट फिल्म करायला निघालेल्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "दीड लाखात कोणती बॉडी येईल?" मग सगळे पैसे बॉडीवर, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यावर, जातात. लेन्स किटसोबत आलेली, एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) नाही, बॅटरी एकच आणि कार्ड मित्राकडून मागून आणलेलं. असा कॅमेरा मे महिन्यात पूर्व भागातल्या एखाद्या गल्लीत दुपारी एक वाजता उभा केला, की महागड्या सेन्सरचा काडीचाही उपयोग होत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या फिल्मसाठी बॉडी भाड्याने आणा आणि चार पैसे काच, फिल्टर, कार्ड, बॅटरी यांत घाला. बॉडी चार-पाच वर्षांत जुनी होते. चांगली मॅन्युअल लेन्स मात्र चाळीस वर्षांपूर्वीचीही आजच्या मिररलेसवर चालते. पुण्याला सामान भाड्याने मिळतं आणि सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन त्याच रात्री परत येता येतं. फक्त निघण्याआधी तिथेच बसून प्रत्येक वस्तू चालवून बघा. सोलापुरात आल्यावर केबल नाही म्हणून कळलं, तर दिवस गेलाच.

शटर काउंट बघून सेकंडहँड बॉडी घेणं

लग्नसराई संपली की वापरलेल्या बॉडी विक्रीला येतात. विकणारा सांगतो, "शटर काउंट फक्त आठ हजार आहे, भाऊ, नवीनच समजा." हा आकडा खरा असला तरी तुमच्या कामाचा नाही. काउंट म्हणजे शटर किती वेळा उघडलं ते, आणि तो फोटोचा असतो. व्हिडिओत शटर एकदा उघडतं आणि तासभर उघडंच राहतं, तेवढा वेळ सेन्सर तापत राहतो. हळदीपासून रिसेप्शनपर्यंत व्हिडिओ काढलेल्या कॅमेऱ्याचा काउंट कमीच दिसणार.

त्यापेक्षा ही तपासणी करा. लेन्सला झाकण लावा, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) वाढवा, दोन-तीन मिनिटं रेकॉर्ड करा आणि क्लिप मोठ्या स्क्रीनवर बघा. काळ्या चौकटीत एकाच जागी लाल, निळे, पांढरे ठिपके टिकून असतील तर ते बिघडलेले (हॉट किंवा अडकलेले) पिक्सेल. मग एफ/१६ वर (अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, बारीक करून) पांढऱ्या भिंतीचा, फोकस सोडून, एक फोटो घ्या, धुळीचे डाग दिसतील. धूळ साफ होते. पण त्याच चित्रात बारीक आडव्या-उभ्या रंगीत रेषा किंवा कायमचे ठिपक्यांचे पुंजके असतील तर व्यवहार तिथेच थांबवा. मिरवणुकीतल्या डीजेच्या लेझरचा झोत थेट लेन्समध्ये शिरला की सेन्सर असा जळतो आणि तो दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. आपल्याकडे वर्षभर मिरवणुका असतात, त्या शूट करणारे कॅमेरेही बरेच आहेत, म्हणून ही तपासणी इथे जास्तच गरजेची. तुमच्या हातात कॅमेरा असेल तेव्हाही लेझरच्या समोर लेन्स धरू नका, बाजूने शूट करा.

यानंतर कार्ड घालून सलग अर्धा तास रेकॉर्डिंग चालू ठेवा. एचडीएमआय केबल लावून ती हळूच हलवा, चित्र जात असेल तर पोर्ट सैल आहे. मेनूची भाषाही बघा, कारण जपानच्या बाजारासाठी बनलेल्या सोनीच्या काही बॉडींत जपानीशिवाय भाषाच नसते. बिलावरचा सिरीयल नंबर बॉडीवरच्या नंबराशी जुळवा. अर्धा तास थांबायला जो तयार नाही, त्याच्याकडून घेऊ नका, मग किंमत कितीही कमी असो.

"थोडी बुरशी आहे, पण फोटोत दिसत नाही"

जुन्या लेन्सच्या बाबतीत हे वाक्य हमखास ऐकू येतं. लेन्स दोन्ही बाजूंनी उघडी करा, अॅपर्चर पूर्ण उघडा आणि मोबाइलचा टॉर्च मागून तिरका धरून पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर बुरशी. सगळीकडे दुधासारखा थर असेल तर धुरकटपणा. भरदिवसा, प्रकाश पाठीशी असताना फरक जाणवणार नाही हे खरंच. पण खिडकीकडे तोंड करून बसलेल्या माणसाचा शॉट लावा, काळं करडं पडतं आणि चेहरा धुक्यात गेल्यासारखा होतो. बुरशीने काचेवरचा लेप खाल्ला असेल तर साफ करूनही तो परत येत नाही.

सोलापूरची हवा वर्षातले बरेच महिने कोरडी, त्यामुळे इथे बुरशीचा त्रास कमी. बुरशी येते ती मुंबई-कोकणातून आलेल्या लेन्सबरोबर आणि दमट कपाटात शेजारच्या लेन्सलाही लागू शकते. इथला खरा शत्रू धूळ. फोकस रिंग हळूहळू टोकापासून टोकापर्यंत फिरवा. मध्येच कचकच लागली तर आत बारीक वाळू गेली आहे. अॅपर्चरच्या पात्यांवर तेलाची चमक दिसली तर तीही नोंदवून भाव पाडा.

घरी लेन्स चामड्याच्या जुन्या केसमध्ये ठेवू नका, चामडं ओल धरतं. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि सिलिका जेल पुरेसं आहे. जेलचा रंग बदलला की गरम करून पुन्हा वापरता येतं.

अडॅप्टर मिळाला म्हणजे लेन्स बसली असं समजणं

लेन्सच्या माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर प्रत्येक कंपनीचं वेगळं. जुना निकॉन एफ माउंट ४६.५ मिलिमीटर, कॅनन ईएफ ४४, जुना कॅनन एफडी ४२, सोनी ई फक्त १८. लेन्सचं अंतर बॉडीपेक्षा जास्त असेल तर मधली जागा अडॅप्टर भरून काढतो. म्हणून सोनीवर जवळपास सगळं बसतं. ईएफ बॉडीवर निकॉनची लेन्स चालते, पण एफडी लावली तर दूरचं काही फोकस होत नाही, किंवा मध्ये काचेचा अडॅप्टर लावून चित्राचा दर्जा घालवावा लागतो. अगदी स्वस्त अडॅप्टर सैल असतात. फोकस ओढताना चित्र हलतं, ते त्यामुळेच.

दुसरी गफलत सेन्सरच्या आकाराची. मायक्रो फोर थर्ड्सच्या (लहान सेन्सरच्या) बॉडीवर ५० मिलिमीटरची लेन्स फुल फ्रेमवरच्या (मोठ्या सेन्सरवरच्या) १०० इतकीच चौकट दाखवते. विडी कामगाराच्या दहा बाय दहाच्या खोलीत ती लावून काय दिसणार? आधी खोली मोजा, मग लेन्स निवडा.

एकाच सीनमध्ये तीन कंपन्यांच्या जुन्या लेन्स मिसळू नका. पेंटॅक्सच्या काही जुन्या टाकुमार लेन्समध्ये थोरियमची काच आहे, ती वर्षांनुवर्षांत पिवळी पडते. तिच्यातून चेहरा एका शॉटमध्ये पिवळट आणि पुढच्यात, दुसऱ्या लेन्समधून, निळसर येतो आणि कलर करणारा डोकं धरून बसतो.

दुपारच्या उन्हाला शटर वाढवून उत्तर देणं

बहुतेक फिल्म इथे बिघडतात, म्हणून हिशेब नीट बघा. लख्ख उन्हात आयएसओ १०० असेल तर एफ/१६ आणि शटर १/१०० हा जुना नियम. लॉगमध्ये (रंग नंतर घडवता यावेत म्हणून फिकट चित्र टिपायची पद्धत) अनेक कॅमेऱ्यांचा मूळ आयएसओ ८०० च्या आसपास, म्हणजे शटर १/८०० हवं. पण २५ फ्रेमवर हालचाल नैसर्गिक दिसायला शटर १/५० लागतं. झाले चार स्टॉप जास्त (एका स्टॉपला उजेड दुप्पट). पार्श्वभूमी सोडायला अॅपर्चर एफ/४ ठेवलं तर आणखी चार. आठ स्टॉप कापायचे म्हणजे २.४ चा एनडी. बाजारातला साधा व्हेरिएबल एनडी बहुधा दोन ते पाच स्टॉपचा असतो. तो टोकापर्यंत फिरवला की वाइड लेन्सवर आकाशात काळी फुली उमटते.

फिल्टर नाही म्हणून शटर १/२००० केलं की चालणारा माणूस झटके देत चालल्यासारखा दिसतो. हे एडिटमध्ये सुधारत नाही.

भारी एनडी घेतानाही तो इन्फ्रारेड अडवणारा आहे ना ते बघा. साधा भारी एनडी दिसणारा प्रकाश अडवतो आणि इन्फ्रारेड सोडतो, त्यामुळे काळं कापड लालसर तपकिरी येतं. संक्रांतीला गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेत काळी साडी नेसलेल्या बायकांचा शॉट घ्या, सिंथेटिक साडीचा काळा रंग चटकन मरून झालेला दिसेल.

त्याच यात्रेत नंदीध्वजांच्या मानकऱ्यांची पांढरी बाराबंदी (पारंपरिक अंगरखा) भर उन्हात असते. लॉगमध्ये शूट करणारे झेब्रा (जास्त उजळ जागी स्क्रीनवर दिसणारे पट्टे) १०० वर ठेवतात आणि पट्टे दिसले नाहीत म्हणून निर्धास्त राहतात. सोनीच्या एस-लॉग३ मध्ये पांढरं ९४ टक्क्यांच्या आसपासच कापलं जातं, १०० वर ते पोहोचतच नाही. झेब्रा ९३-९४ वर आणा. यात्रेतला अक्षता सोहळा दुसऱ्यांदा होणार नाही.

यंत्रमागाच्या शेडमध्ये

आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, म्हणजे जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. २५ फ्रेमवर १/५० ठेवा, त्रास नाही. २४ फ्रेमचाच हट्ट असेल तर शटरचा कोन १८० ऐवजी १७२.८ अंश करा. स्लो मोशनला मात्र सगळे फसतात: १०० फ्रेमवर १/२०० शटर ठेवलं की चादरीवरून उजेड-अंधाराच्या लाटा जातात. १/१०० वर ठेवा, किंवा दाराजवळचा माग निवडून उन्हाच्या उजेडात शूट करा. एलईडी दिवे काहीही करू शकतात, त्यांची चाचणी आदल्या दिवशीच घ्या.

धोटा (आडवा धागा नेणारा मागाचा भाग) वेगाने जातो, त्यामुळे रोलिंग शटरच्या, म्हणजे चित्र ओळीओळीने टिपणाऱ्या, कॅमेऱ्यात तो तिरका दिसतो. मागाच्या समांतर न राहता थोड्या कोनातून शॉट घ्या, बराच फरक पडतो. आणि शेडमध्ये लेन्स बदलू नका. हवेत सुताचं तूस उडत असतं, ते सरळ सेन्सरवर जाऊन बसतं. बाहेर या, कॅमेरा बंद करा, तोंड खाली धरून बदला. तोंडाने फुंकर मारायची नाही, रबरी ब्लोअर वापरा.

कॅमेरा मध्येच बंद पडतो

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि काळी बॉडी त्याहून तापते. सोनीत तापमानानुसार आपोआप बंद होण्याची मर्यादा 'स्टँडर्ड' वरून 'हाय' वर करता येते, ती आधी करा. स्क्रीन बॉडीपासून उघडून ठेवा, दोन टेकमध्ये कॅमेरा बंद करा, एका पोराला फक्त छत्री धरायला ठेवा. गाडीच्या डिकीत सामान सोडू नका.

१६ मिलिमीटरच्या जुन्या फिल्म कॅमेऱ्याचा मोह होत असेल तर एवढंच लक्षात घ्या: शंभर फुटांचं रीळ २४ फ्रेमवर पावणेतीन मिनिटं चालतं आणि धुलाई, स्कॅनिंगचा खर्च वेगळा. आधी लॅब पक्की करा, मग कॅमेऱ्याला हात लावा.

कार्डवर पैसे वाचवणं

२५ फ्रेमच्या अल्ट्रा एचडी प्रोरेस ४२२ एचक्यू या भारी कोडेकला (व्हिडिओ साठवायच्या पद्धतीला) सेकंदाला सुमारे ९२ मेगाबाइट लागतात, तासाला ३३० जीबी. व्ही९० कार्डाची लिहिण्याच्या वेगाची हमी सेकंदाला ९० मेगाबाइटची, व्ही३० ची ३० ची. कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला वेग बहुतेक वेळा वाचण्याचा असतो, लिहिण्याचा नव्हे. रेकॉर्डिंग अधूनमधून थांबत असेल तर कॅमेऱ्याला दोष देण्याआधी कार्डाचा व्ही आकडा बघा, नाहीतर कोडेक हलका करा. नवं कार्ड काठोकाठ भरून, कॉम्प्युटरवर परत वाचून बघा. बनावट कार्डावर १२८ जीबी लिहिलेलं असतं आणि अर्ध्यानंतरचं फुटेज सापडतच नाही.

संध्याकाळी दोन वेगळ्या ड्राइव्हवर कॉपी करा आणि त्या रात्री दोन वेगळ्या घरी ठेवा. कार्ड पुसण्याआधी दोन्ही ड्राइव्हवरच्या क्लिप उघडून मधूनमधून चालवून बघा. फोल्डरचा आकार जुळला एवढ्यावर फॉरमॅटचं बटण दाबू नका.