जांबोटीच्या चढावर बंद पडणारी स्कूटर

मामांची जुनी टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच इंजिनाचं तेल मिसळावं लागणारी, स्कूटर बेळगावात पहिल्या किकला सुरू व्हायची; जांबोटीकडचा चढ लागला की मात्र फटफट करून गप्प. जो तो म्हणायचा, कार्बोरेटर (पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा भाग) बदल. टिळकवाडीतल्या मिस्त्रीकाकांनी आधी इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग काढायला लावला. टोक काळंकुट्ट, तेलानं ओलं. "कार्बोरेटर राहू दे की रे, तेल किती घालताय ते सांग आधी."

मामा पेट्रोलमध्ये तेल अंदाजानं ओतायचे. या इंजिनाला २ टक्के पुरतं, म्हणजे लिटरला २० मिली. जास्त झालं की न जळलेलं तेल प्लगवर बसतं आणि ठिणगी मरते. कमी पडलं तर पिस्टनच जाम, तेव्हा तिथं काटकसर नको. प्लग पितळी ब्रशनं घासला, त्याच्या टोकाची, ठिणगी पडते ती फट ०.६ मिमी ठेवली, टाकी रिकामी करून मोजून मिसळलेलं पेट्रोल भरलं. आता टोक तपकिरी दिसतं; तसंच हवं.

गिअर डाव्या मुठीत, त्यामुळे केबल ढिली पडली की न्यूट्रल सापडता सापडत नाही. आमच्याकडच्या पावसात ती गंजतेही लवकर. मृगाआधी तेल द्या. आणि पंक्चर काढताना रिमचे दोन भाग जोडणारे नट सोडण्याआधी हवा पूर्ण काढा, नाहीतर रिम उसळून तोंडावर येते.