ओट्यापाशी उभ्या उभ्या: ताओ आरोग्यसाधनेची सुरुवात

चीनमधल्या चेंगडू शहरात छिंगयांग गोंग नावाचं ताओ मंदिर आहे. ताओ म्हणजे चीनमधली जुनी धर्म आणि तत्त्वज्ञानाची परंपरा. तिथे कांस्याच्या दोन बकऱ्या आहेत. त्यातल्या एकीला एकच शिंग, आणि तिच्या अंगात म्हणे चिनी पंचांगातल्या बाराही प्राण्यांचं काही ना काही आहे. आपलं जे दुखतं, तोच भाग लोक बकरीच्या अंगावर चोळतात. मीही तिचा खांदा चोळला होता. यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही तिथे राहायला गेलो, तेव्हा माझा उजवा खांदा इतका धरला होता की वेणी घालायला हात मागे जात नव्हता.

ताओ आरोग्यसाधनेचं खरं शिक्षण मात्र आमच्या इमारतीखालच्या अंगणात झालं. तळमजल्यावर एक आजी राहायच्या. तिकडे आजीला पोपो म्हणतात, म्हणून मीही पोपोच म्हणायचे. रोज सकाळी भाजी आणायच्या आधी त्या अंगणात उभ्या असायच्या. मला शिकवायला लागल्या तेव्हा पहिले कितीतरी दिवस त्यांनी मला हात वर करूच दिला नाही. "आधी उभी राहा," एवढंच. म्हणून मीही तुम्हाला तिथूनच सुरुवात करायला सांगणार आहे.

सकाळी दूध तापत ठेवलं की ओट्यापासून दोन हात मागे उभे राहा. पावलांत खांद्यांएवढं अंतर, बोटं सरळ समोर. गुडघे वाकवायचे नाहीत, फक्त त्यांची कडी काढायची. आपण ताठ उभे राहतो तेव्हा गुडघा मागे कुलूप लागल्यासारखा बसतो. ते कुलूप उघडलं की पुरे. आता मागे स्टूल आहे आणि त्यावर बसावं का, असा विचार चाललाय इतपत कंबर खाली सोडा. डोक्याचा मधला भाग कुणी दोऱ्याने अलगद वर धरलाय असं समजा. काखेत पोळीचा उंडा मावेल एवढी जागा ठेवा. जीभ वरच्या दातांमागे टाळूला टेकलेली, दोन्ही तळवे बेंबीखाली पोटावर. नजर दुधावर असू द्या, पण रोखून बघू नका. पहिल्या आठवड्यात तीन मिनिटं खूप झाली.

पोपो मागून येऊन दोन बोटं माझ्या खांद्यावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "सोंग." मराठी कानाला हा शब्द भलताच वाटतो, पण चिनीत त्याचा अर्थ सैल, मोकळं. मला वाटायचं, मी सैलच आहे. त्यांची बोटं तिथेच राहायची, दाब अजिबात नाही, नुसती ऊब. मग कधीतरी श्वास सुटताना खांदा बोटभर खाली यायचा आणि तेव्हा कळायचं की इतका वेळ तो कानाजवळ चढलेला होता. घरी हे काम दुसऱ्या कुणी करायची गरज नाही. स्वतःचा डावा हात उजव्या खांद्यावर ठेवा आणि तीन श्वास वाट पाहा. खांदा खाली ढकलायचा नाही. ताओ परंपरेत ज्याला वू-वेइ म्हणतात, म्हणजे ओढाताण न करता होऊ देणं, ते मला पुस्तकातून कधी समजलं नव्हतं, इथे समजलं.

उभं राहणं अंगवळणी पडलं की श्वासाकडे वळा. माओशान डोंगरावर राहिलेले थाओ होंगचिंग (इ. स. 456–536) यांनी लिहून ठेवलंय की श्वास आत घ्यायची रीत एकच, सोडायच्या सहा. त्यातून सहा आवाजांची साधना आली. प्रत्येक आवाज एकेका अवयवाशी जोडलेला. इथे यकृत, प्लीहा म्हणजे सोनोग्राफीत दिसतात तेवढेच अवयव नव्हेत. प्रत्येकाचा ऋतू आहे, भावना आहे. यकृताला वसंत आणि राग, फुप्फुसाला शरद आणि शोक. सहाही आवाज एकदम घेऊ नका. दोनच घ्या. फुप्फुसासाठी दात जवळ आणून लांब "स्स्स", आणि पोटासाठी, म्हणजे प्लीहेसाठी, गरम चहावर फुंकर घालताना होतात तसे ओठ करून "हूऽऽ". श्वास नाकाने आत, आवाज तोंडाने बाहेर, प्रत्येकी सहा वेळा. आवाज इतका हलका की शेजारच्या खोलीत जाऊ नये. प्राणायामाची सवय असलेल्यांना श्वास रोखून कुंभक करावासा वाटतो, तो इथे अजिबात नको. श्वास संपला की पुढचा आपोआप येतो, त्याला येऊ द्या.

आता माझी चूक सांगते, म्हणजे तुमचे गुडघे वाचतील. महिनाभरात मला घाई झाली. बादुआनचिन म्हणजे रेशमी वस्त्राचे आठ तुकडे, हा आठ हालचालींचा क्रम मी पूर्ण करायला लागले आणि त्यातली घोडेस्वाराची बैठक खूप खाली जाऊन केली. उजवा गुडघा सुजला, दहा दिवस जिना चढता येईना. पोपो म्हणाल्या, दहातलं सातच वापर. आपल्या भाषेत, सोळा आणे जोर असेल तर अकरा आणेच लावा. दमायच्या आधी थांबायचं, हा इथला नियमच आहे.

बादुआनचिनचा उल्लेख बाराव्या शतकातल्या, सोंग राजघराण्याच्या काळातल्या लेखनात सापडतो. आज चीनमध्ये बहुतेक ठिकाणी शिकवतात तो क्रम तिथल्या सरकारी क्रीडा विभागाने 2003 मध्ये ठरवलेला आहे. नवशिक्यांनी पहिली आणि शेवटची हालचाल करावी. पहिली: पोटासमोर बोटं गुंफा, हात छातीपर्यंत आणा, तळवे उलटे करून आभाळ पेलल्यासारखे वर न्या, मग बाजूंनी सावकाश खाली. सहा वेळा. खांदा धरलेला असेल तर दुखायच्या अलीकडे थांबा. माझे हात तीन महिने कपाळापर्यंतच जात होते. शेवटची: टाचा उचला, क्षणभर थांबा, हलकेच खाली टाका, सात वेळा. या सात हादऱ्यांनी शंभर आजार पळतात, अशी तिकडे म्हण आहे. शंभर नाही, पण तोल आणि पोटऱ्यांसाठी ती उत्तम आहे. हाडं ठिसूळ असतील, गरोदर असाल किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल तर टाचा आपटू नका, नुसत्या टेकवा.

जेवणानंतरचं तर आपल्याला नवं नाहीच. "जेवून शंभर पावलं चाला, नव्व्याण्णव वर्षं जगा" ही चिनी म्हण ऐकली तेव्हा मला आजोबांची शतपावली आठवली आणि डोळे भरून आले. सातव्या शतकातले वैद्य सुन सिम्याओ यांनी त्यात एक भर घातलीय: जेवल्यावर हाताने चेहरा आणि पोट चोळावं आणि रमतगमत चालावं. तळवे एकमेकांवर घासून गरम करा आणि बेंबीभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा. जोर नको.

रात्री कोमट पाण्यात पंधरा मिनिटं पाय, मग पायाच्या तळव्याच्या पुढच्या भागातला खळगा हाताच्या अंगठ्याने चोळायचा. त्या बिंदूचं नाव योंगछुआन, उसळता झरा. मधुमेह असेल तर पाणी किती गरम आहे ते घरातल्या दुसऱ्या कुणाला बघायला सांगा, कारण पायांना कळेलच असं नाही.

ताओ औषध म्हणून कुणी भस्म किंवा गोळ्या देऊ केल्या तर घेऊ नका. अमरत्वासाठी हिंगूळ आणि पाऱ्याचं रसायन घेऊन थांग राजघराण्यातले सम्राटसुद्धा दगावले आहेत. आणि रक्तदाबाची गोळी, इन्सुलिन यातलं काहीही या साधनेच्या भरवशावर बंद करू नका. पोपो स्वतः रोजची गोळी घेऊनच अंगणात यायच्या.

पहिले पंधरा दिवस फक्त उभं राहणं. नंतर "स्स्स". महिन्याने "हूऽऽ" आणि टाचा. हात वर नेणं सगळ्यात शेवटी. पावसाळ्यात मात्र ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहू नका. चेंगडूची हवा फार दमट, पोपो जाड तळाचे कापडी बूट घालूनच उभ्या राहायच्या. मी सतरंजीची चौघडी घालते.