आपल्या गल्लीतील भाषांची मोजणी कशी करावी

बेळगावातील एखाद्या भागात मराठी, कन्नड, उर्दू किंवा कोकणी बोलणारे किती, हे दुकानांच्या पाट्यांवरून किंवा आडनावांवरून ठरवू नये. पाटील, देसाई, कुलकर्णी ही आडनावे येथे मराठी घरांत जितकी आढळतात तितकीच कन्नड घरांतही आढळतात.

सुरुवात २०११ च्या जनगणनेपासून करावी. मातृभाषांचा तक्ता सी-१६ या क्रमांकाने प्रसिद्ध झालेला असून त्यात तालुकानिहाय आकडे मिळतात. वॉर्डनिहाय सारांशात मात्र लोकसंख्या, साक्षरता, अनुसूचित जाती-जमाती अशी माहिती असते, भाषा नसते. त्यामुळे महापालिकेच्या ५८ वॉर्डांपैकी आपल्या वॉर्डाचे चित्र हवे असेल, तर घरोघरी जाण्याला पर्याय नाही. कॅम्पचा भाग छावणी मंडळाकडे असल्याने तो महापालिकेच्या आकड्यांत मिसळू नये.

मोजणीला दोघांनी जावे. त्यांपैकी एकाला मराठी व दुसऱ्याला कन्नड चांगली येत असावी. प्रश्नावरच सारे अवलंबून असते. ‘घरात काय बोलता?’ असे विचारले, तर शहापूर किंवा वडगावसारख्या भागात ‘दोन्ही’ हे उत्तर हमखास येते आणि ते खरेही असते. म्हणून जनगणनेचीच व्याख्या वापरावी: लहानपणी आई आपल्याशी ज्या भाषेत बोलत असे, ती मातृभाषा. हा प्रश्न कुटुंबाला एकदाच न विचारता प्रत्येक माणसासाठी विचारावा, कारण सासू मराठी आणि सून कन्नड असलेली घरे येथे नवलाची नाहीत. अवगत असलेल्या इतर भाषांचा रकाना वेगळा ठेवावा. कुटुंब मुसलमान आहे एवढ्यावरून उर्दू लिहून टाकणे ही फार सहज होणारी चूक आहे. जनगणनेत लमाणी बोलीची गणती हिंदीच्या गटात होते. आपल्या वहीत तिची नोंद स्वतंत्र करावी.

बेरीज झाल्यावर शाळकरी मुलांची संख्या वेगळी काढावी. राज्यघटनेचा अनुच्छेद ३५०-अ हा भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याविषयीचा आहे, आणि १९४९ च्या शिक्षणमंत्री परिषदेने त्यासाठी ती भाषा बोलणारे शाळेत ४० किंवा वर्गात १० विद्यार्थी असा निकष मान्य केला होता. परिपत्रके व सूचना अल्पसंख्याकांच्या भाषेतही देण्यासाठी १५ टक्क्यांचा निकष सांगितला जातो, परंतु तो जिल्हा, तालुका किंवा नगरपालिका क्षेत्रासाठी आहे, एका गल्लीसाठी नव्हे. अशी परिपत्रके मागणाऱ्या अर्जात गल्लीची टक्केवारी देण्याऐवजी तालुक्याचा सी-१६ मधील आकडा द्यावा आणि शाळेच्या मागणीला आपल्या मोजणीतील मुलांची यादी जोडावी.